आता काय बोलायचं? बरं न होणाऱ्या माणसाला पहिल्यांदा भेटायला जाताना

माझे आतोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटा छापायची प्रेस. आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान होऊन दोन महिने झाल्यावर मी त्यांना जेलरोडच्या घरी भेटायला गेलो. हातात द्राक्षांची पेटी होती आणि डोक्यात रिक्षात बसून घोकलेलं एक वाक्य. खुर्चीत टेकलो आणि ते बोलून मोकळा झालो, “आतोबा, सिंहस्थात गाडी कुठे लावायची ते तुम्हीच सांगायचं हं आम्हाला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “२०२७ ना? तुझा हिशेब कच्चा आहे रे. आमच्याकडे एक कागद कमी भरला तरी संध्याकाळी घरी सोडत नसत.” आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. आत्या म्हणाली, “झोप आलीय त्यांना.” झोप आली नव्हती.

त्यानंतर अशा आणखी काही घरांत जाणं झालं, दोन ठिकाणी रात्री उशाशी बसलो. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण पहिल्यांदा जाणारा जिथे अडखळतो त्या सगळ्या जागी मी अडखळून झालोय, म्हणून हे लिहितोय.

१. आधी फोन, आणि तो घरच्यांना

सरप्राइज द्यायला जाऊ नका. जो माणूस रोज सेवा करतोय, म्हणजे बायको, मुलगी, सून, त्याला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. दिवसातली कोणती वेळ त्यांना बरी जाते? सध्या काय सोसत नाही: वास, आवाज, गर्दी? आणि त्यांना आजाराबद्दल किती माहीत आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. निम्म्या वेळा उत्तर येतं, “त्यांना काही सांगितलेलं नाही हं, तुम्हीपण बोलू नका.” गाठ आहे, अल्सर आहे, कावीळ उतरत नाहीये, असं काहीतरी सांगून ठेवलेलं असतं. आता नाशिकचा माणूस पहाटेच्या गाडीने मुंबईला जातो, परळला उतरून टाटाच्या रांगेत चार तास बसतो, शेजारच्या बाकावर केस गेलेली पोरं बघतो, आणि त्याला अल्सर आहे असं वाटतं? बहुतेक वेळा त्याला माहीत असतं. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तोही गप्प असतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपण्याच्या नादात दोघंही एकटे पडलेले.

तरीही ते गुपित फोडणं तुमचं काम नाही. तुम्ही अर्ध्या तासाचे पाहुणे. त्यानंतरची रात्र त्या घराला काढायची असते. पण खोटं बोलायलाही तुम्ही बांधील नाही. फोनवरच सांगून टाका, “मी स्वतःहून विषय काढणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर थापही मारणार नाही. डॉक्टरांना विचारा म्हणेन.” पुष्कळदा एवढं ऐकून घरच्यांनाच जरा हलकं वाटतं, कारण तेही या नाटकाला कंटाळलेले असतात.

२. दारातून आत

हे पटकन सांगतो. अत्तर, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा नको. केमो चालू असेल तर वासाने मळमळतं. फळं नेण्याआधी विचारा. प्रतिकारशक्ती उतरली असेल तर कच्चं खायला मनाई असू शकते. माझी द्राक्षांची पेटी तशीच शेजारी गेली. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, उभ्याने बोलू नका, न विचारता पलंगाच्या कडेवर टेकू नका. वीस मिनिटं पुरतात. निघताना “येतो” म्हणा, आणि पुन्हा येणार असाल तरच वार सांगा. सांगून न येणं हे न जाण्यापेक्षा वाईट, कारण त्या माणसाच्या आठवड्यात मोजून दोन गोष्टी असतात आणि त्यातली एक तुम्ही असता.

३. पहिलं वाक्य

“काय म्हणते तब्येत?” या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे: “ठीक.” त्यापुढे गाडी जात नाही. त्याऐवजी प्रश्न लहान करा. “आज सकाळ कशी गेली?” “रात्री डोळा लागला का?” आजची सकाळ कशी गेली हे माणूस सांगू शकतो. ‘तब्येत’ हे फार मोठं गाठोडं आहे, ते सोडायला कुणालाच आवडत नाही.

आणि सरळ कबुली चालते. “काय बोलावं ते मला सुचत नाहीये, पण यावंसं वाटलं म्हणून आलो.” हे वाक्य मी पुढे तीन घरांत वापरलं आणि तिन्ही ठिकाणी समोरच्याचा खांदा जरा सैल झालेला पाहिला. आलेल्या माणसाचा सगळा धीर ओढूनताणून आणलेला असतो हे आजाऱ्याला दिसतं. मग तोच बिचारा तुम्हाला सांभाळत बसतो.

सगळा वेळ आजारावरच बोललं पाहिजे असंही नाही. लासलगावला कांदा काय भावाने गेला, रंगपंचमीला यंदा कोणती रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडणार, द्वारका चौकात ट्रॅफिक किती तुंबला, हेही बोला. आजारी माणूस काही चोवीस तास आजारी नसतो. अधूनमधून तो नाशिककर असतो.

४. घरीच ठेवून जायची वाक्यं

पहिलं, “असं बोलू नये.” माणूस म्हणतो, “आता काही खरं नाही.” आपण लगेच, “छे छे, असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” शुभ बोल नाऱ्या हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं, त्यामुळे जीभ आपोआप वळते. पण त्या क्षणी झालेलं असतं असं, की त्याने महत्प्रयासाने एक दार किलकिलं केलं आणि तुम्ही ते बाहेरून लावून घेतलंत. पुन्हा तो तुमच्यासमोर ते उघडणार नाही. “आता कंटाळा आला रे” असं कानावर आलं तर त्याचाच शब्द उचला, “कशाचा जास्त कंटाळा येतो?” उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. मला एका काकूंनी सांगितलं होतं, “मरणाचा नाही रे, या डायपरचा.” त्यावर काहीतरी करता येतं, आणि दुपारी सुनेने केलंही.

दुसरं, “तुम्ही फायटर आहात, हरायचं नाही.” उद्या आजार वाढला तर तो कमी लढला असा अर्थ होतो का? तिसरं, “माझ्या मेहुण्यांनाही हेच होतं...” याचा शेवट एकतर “ते गेले” किंवा “ते आता मस्त फिरतात” असा होतो, दोन्ही ऐकवत नाहीत. चौथं, ‘मागच्या जन्मीचं’. पाचवं म्हणजे उपाय: गव्हांकुर, गुळवेल, अमक्या गावचा झाडपाला देणारा. घरच्यांनी हे सगळं शंभर वेळा ऐकलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी ‘आपण करायचं ते केलं नाही की काय’ ही टोचणी त्यांच्या मागे लागते.

श्रद्धेचं मात्र जपून. त्यांनीच “भोग आहेत, भोगायचे” म्हटलं तर वाद घालू नका, त्यांना त्यात आधार मिळत असेल. ते रोजचा पाठ म्हणत असतील तर शेजारी बसून म्हणा. त्यांची श्रद्धा चालवायची, आपली न्यायची नाही.

५. अवघड प्रश्न आला की

इथे घाई करू नका. प्रश्न आल्यावर मनात पाच आकडे मोजा, मगच तोंड उघडा.

“मी बरा होईन ना रे?” याला ‘हो’ही नको आणि ‘नाही’ही नको. “डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?” किंवा “तुम्हाला काय वाटतंय?” असं विचारा. त्यांना किती बोलायचंय ते यातून कळतं. कुणी म्हणतं, “बरं वाटेल हळूहळू,” आणि विषय बदलतं. त्यांना तेवढंच हवं असतं, आपणही विषय बदलायचा. कुणी म्हणतं, “मला काही खरं वाटत नाही.” तेव्हा “हं” म्हणून थांबा.

“किती दिवस राहिले?” आकडा आपल्याकडे नाही, तो डॉक्टरांनाही नीटसा सांगता येत नाही. मी म्हणतो, “ते मला नाही सांगता येणार. पण वेळ कमी आहे असं वाटत असेल, तर आधी काय उरकायचंय?” उरकणं हा आपला फार उपयोगी शब्द आहे. त्यात रडारड नाही. पासबुकावर बायकोचं नाव घालायचंय, धाकट्या भावाशी आठ वर्षं बोलणं नाही, गावच्या विहिरीचा वाटा कुणाचा ते सांगून ठेवायचंय, अशा गोष्टी बाहेर येतात.

“मलाच का?” याला उत्तर नाही. “खरंच, मलाही कळत नाही.” एवढं म्हणून हात हातात घ्यावा, घेण्यासारखं नातं असेल तर.

“मला मशीनवर ठेवू नका.” हे बहुतेक वेळा पाहुण्याला सांगितलं जातं, कारण मुलांसमोर जीभ रेटत नाही. हसून उडवू नका. “हे घरात कुणाला सांगितलंय का? मी असताना सांगायचं का?” असं विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. तशी इच्छा आधीच लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कागद झाला नाही तरी निदान मुलाच्या कानावर गेलेलं असणं पुढे फार कामाला येतं. आयसीयूच्या दारात भावंडांची भांडणं मी पाहिलीत.

“संपवून टाकावंसं वाटतं.” इथे मात्र सरळ विचारा, “म्हणजे जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. पुष्कळदा उत्तर येतं, “तसं नाही रे, दमलोय.” पण ‘हो’ आलं आणि कसं करायचं तेही ठरलेलं दिसलं, तर माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांच्या स्ट्रिप्स बाजूला करा, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच वेळी सांगा. इथे गुपित पाळायचं नसतं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट चालू असते. ती घरच्यांनाही वापरता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

६. दुखत असेल तर आधी ते

ज्याच्या पोटात कळ येतेय त्याला शब्द ऐकू येत नाहीत. ब्रिटनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका आणि पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्यांचा त्रास कमी करणारं केंद्र, सुरू केलं. माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, पैशाचं, नात्यांचं, श्रद्धेचं सगळं एकत्र दुखतं, हे त्यांनी मांडलं. पण सुरुवात त्यांनीही शरीराच्या वेदनेपासूनच केली. आपल्याकडे मुंबईत १९८६ पासून आणि पुण्यात १९९७ पासून अशी केंद्रं आहेत. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिथे पाठवलं म्हणजे ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा त्याचा अर्थ नाही.

पाहुणा म्हणून तुम्ही एवढंच करायचं: मॉर्फिनची गोळी दिसली तर “अरे बापरे, याची सवय लागते” असं म्हणायचं नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन हा रीतसर उपचार आहे. आपल्या एका वाक्याने घरचे दोन डोस चुकवतात आणि तो माणूस रात्रभर कण्हतो.

तसंच खाण्याचं. “दोन घास तरी खा, माझी शपथ आहे.” शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नकोसं होतं, कोंबलं तर त्रास वाढतो. आपल्याकडे माया ताटातूनच पोचवायची रीत, त्यामुळे हे सगळ्यात जड जातं. आत्याचं तर भांडणच व्हायचं त्यांच्याशी, रोज, वाटीभर पेजेवरून.

७. माया मराठीत कशी बोलतात

‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ असं आपल्यापैकी कितीजण बापाला म्हणाले असतील? माझ्या तोंडून तरी ते निघणार नाही. इंग्रजी सिनेमातली वाक्यं उसनी आणली तर समोरचाही अवघडतो. आपलं प्रेम ‘जेवलास का’, ‘पोचल्यावर फोन कर’, ‘स्वेटर घेतलास ना’ असं बोलतं. तेव्हा तेच करा, फक्त नेमकं. आठवण सांगा, तारीख-वारासकट जमलं तर. “मला सायकल तुम्ही शिकवलीत, देवळालीच्या रस्त्यावर. मागून सीट धरलीय असं म्हणत होतात आणि केव्हाच सोडली होती.” यात आभार आले, माया आली, आणि ‘तुम्ही होतात म्हणून’ हेही आलं. तुमचं काही चुकलं असेल तर तेही एका वाक्यात: “त्या वेळी मी जास्त बोललो, राहून गेलं सांगायचं.” समोरून “जाऊ दे रे” येईल. ते ऐकायला त्यालाही बरं वाटतं.

८. सेवा करणाऱ्याशी दोन शब्द

सुसान सिल्क नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये एक साधी युक्ती मांडली. आजारी माणूस मध्यभागी धरा, भोवती रिंगणं काढा: नवरा-बायको, मग मुलं, मग नातलग, मग मित्र-शेजारी. आपल्यापेक्षा आतल्या रिंगणातल्याला फक्त धीर द्यायचा, रडायचं ते बाहेरच्या रिंगणाकडे तोंड करून. आतोबांच्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो तर तिचं ओझं वाढतं. मी माझ्या मित्राकडे जाऊन रडावं.

“काही लागलं तर सांगा” हे कुणीही सांगत नाही. काम ठरवूनच जा. “सोमवारी दोन ते पाच मी इथे बसतो, आत्या तू झोप.” “सिलिंडरचा नंबर मी लावतो.” “सकाळी घंटागाडीला कचरा आमची पोरगी देईल.” आणि निघताना दारात, आवाज न चढवता: “तू किती करतेयस ते दिसतंय मला.” हे तिला महिनाभरात कुणी म्हटलेलं नसतं. सगळे तिला फक्त ‘ते कसे आहेत’ विचारतात.

९. जाता येत नसेल तर

तुम्ही नाशिकला आणि मैत्रीण मुंबईत ॲडमिट, असं असेल तर व्हॉट्सॲपवर लिहा, पण फॉरवर्ड आणि हात जोडलेली फुलं नकोत. नमुना म्हणून, मी पाठवलेला एक मेसेज:

“आज कॉलेजरोडवरून जाताना आपलं ते ज्यूसचं दुकान बंद झालेलं पाहिलं. तू तिथे उधारी ठेवली होतीस, आता बुडवलीस कायमची. तुझी आठवण आली म्हणून लिहिलं. उत्तर द्यायची गरज नाही. शुक्रवारी परत लिहीन.”

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. आजारी माणसाला शंभर मेसेजना उत्तरं देण्याचं काम लागलेलं असतं. शुक्रवारी मात्र लिहाच.

१०. बोलणं थांबल्यावर

शेवटचे काही दिवस माणूस डोळे मिटून असतो, श्वास लांबतो, घशात घरघर होते. ऐकू येणं उशिरापर्यंत टिकतं असं मानतात, तेव्हा त्याच्या उशाशी बसून ‘आता किती तास’ आणि ‘अमरधामला, स्मशानात, कोण फोन करणार’ हे बोलू नका. बाहेर गॅलरीत जा. जवळ गेलात की आधी नाव सांगा, “मी आलोय,” मग साधंच काही बोला. पाऊस पडतोय. मुलगी पोचलीय. दार मी लावलंय.

कुणीतरी रामकुंडावरून गोदेचं पाणी आणि तुळशीचं पान आणतंच. ते नाकारू नका, घराला त्याचा आधार असतो. पण गिळता येत नसेल तर पाणी तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करा.

आतोबांकडे मी दुसऱ्यांदा गेलो ते पंधरा दिवसांनी. या वेळी आदल्या दिवशी फोन केला, आत्याशी बोललो, मग तिनेच फोन त्यांच्या कानाला लावला. सिंहस्थाबद्दल म्हटलं, “मागच्या वेळी मी भलतंच बोललो.” ते म्हणाले, “हं.” मग मी विचारलं, “उद्या येतोय. काय आणू?”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, “मिसळ.”

“डॉक्टरांनी...”

“मिसळ नको रे, नुसता रस्सा. काळा. चमचाभर जिभेला लावून बघायचाय.” आणि फोन आत्याकडे जाता जाता, “पार्सलवाल्याला सांग, लिंबू वेगळं बांध म्हणावं.”